जड गोळ्यांचा डबा

वितळलेल्या शिशावर साय धरते. दुधावरची साय सारावी तशी ती पळीने कडेला सारली, की खाली आरशासारखे लखलखीत शिसे दिसते आणि दोन क्षणांत पुन्हा मळते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ती साय काढताना तोंड फिरवीत आणि मला म्हणत, "लांब हो. धूर नाकात गेला तर तुझी आई मला घरात घ्यायची न्हाई." मी लांब होत असे. लांब होणे मला चांगले जमे. चोवीस वर्षांच्या आयुष्यात मी त्याखेरीज फारसे काही केलेले नव्हते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, जयपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि चार माणसांसमोर दोन वाक्ये सलग बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडे. ज्या रागाची हकीकत मी येथे लिहिते आहे, त्यातला अर्धा राग या कोरड्या घशावर आहे, हे आधीच नोंदवून ठेवते. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी अजून कुणालाही माफ केलेले नाही.

आबा लष्करात आर्मरर होते, म्हणजे बंदुका-पिस्तुले उघडून दुरुस्त करणारे नायब सुभेदार. मूळचे आम्ही गडहिंग्लजकडचे. छावणीतल्या आमच्या क्वार्टरला दोन खोल्या, मागे न्हाणी आणि पुढे एक कडुनिंब होता, आणि त्या कडुनिंबावर उजाडल्यापासून मोर ओरडत. पाहुण्यांना मोरांचे कौतुक असे. आई मात्र पिठाच्या हातांनी बाहेर येऊन त्यांना गावाकडच्या कोंबड्यांसारखी हाकलीत असे. मनाजोगती ज्वारी तिकडे मिळत नसे, म्हणून ती बाजरीच्या भाकऱ्या थापी आणि प्रत्येक भाकरीमागे एकदा ज्वारीची आठवण काढी. ठेचा वाटताना तिचे एक ठरलेले गाऱ्हाणे होते: "हितल्या मिरचीला रंग हाय, राग न्हाई." शेजारच्या शर्मा भाभीजी तोच ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढीत आणि वर म्हणत, "भाभीजी, थोड़ा और देना." बिगुल, मोर, भाकरी थापल्याचा आवाज आणि भिंतीपलीकडून भाभीजींच्या टीव्हीवरच्या बातम्या, एवढ्या आवाजांत आमचे घर भरून जाई. माझा आवाज त्यात नसे आणि तो नाही हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

रविवारी आबा आमेरच्या रस्त्यालगत, टेकडीच्या पोटाशी असलेल्या एका नेमबाजी क्लबात जात. क्लबाचे अध्यक्ष म्हणजे आबांच्याच युनिटचे कर्नलसाहेब. साहेबांनी सांगितले म्हणून आबा तेथली पिस्तुले सांभाळीत, आणि क्लबाला तसा परवाना होता म्हणून वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून सरावाची काडतुसे तयार करीत. परदेशी काडतुसे क्वचित येत, आणि आली की कुठल्या कपाटात जात हे सर्वांना ठाऊक होते. बाकीच्यांनी आबांच्या हातची वापरायची. मी तेथे प्रथम गेले ती आबांचे विसरलेले जेवण पोचवायला. त्या दिवशी रेंज रिकामी होती. आबा म्हणाले, "आलीयास तर धरून बघ." मी पिस्तूल हातात धरले, श्वास सोडला, आणि मला कळले की जगात निदान एक खेळ असा आहे, ज्यात न बोलणे हा गुण आहे. चोविसाव्या वर्षी हा शोध लागणे म्हणजे फारच उशीर. तेथले बाकीचे लोक मिसरूड फुटण्याआधीपासून नेम धरीत होते. पण उशिरा लागलेली गोडी हावरी असते. वर्षभरात एकही रविवार मी चुकवला नाही.

त्या वर्षात एक गोष्ट मला छळू लागली. हात स्थिर असे, नेम बरोबर असे, आणि तरीही दहांतल्या दोन-तीन गोळ्या भलतीकडे जात. आबा म्हणत, "हात हलला." मी म्हणे, "नाही हलला." घरात मी ज्या मोजक्या गोष्टींवर ठाम असे, त्यांतली ही एक. प्रयोगशाळेत एकच प्रयोग दहा वेळा करून दहा वेगळी उत्तरे आली, तर आपण उत्तराला दोष देत नाही, आधी द्रव्ये तपासतो. काडतुसातल्या दारूचे माप आबा स्वतः घालीत आणि त्याला मला बोटही लावू देत नसत. ते काटेकोर होते यात शंका नव्हती. उरली शिशाची गोळी. ती आबा क्लबाच्या मागच्या शेडमध्ये स्टोव्हवर शिसे वितळवून साच्यात ओतीत. साचा उघडला की टक् असा आवाज होई आणि आईच्या जुन्या गोधडीच्या तुकड्यावर एक चकचकीत गोळी पडे. दिसायला सगळ्या सारख्या. मी म्हटले, या तोलून पाहायला हव्यात.

तराजू आला तो क्लबाच्या सचिवांकडून. गिरधारीलालजींची जौहरी बाजारात रत्नांची पेढी होती. मऊ बोलणारे, मऊ बोटांचे गृहस्थ. त्यांनी काचेच्या पेटीतला जुना तराजू दिला, कॅरटची इवलीशी वजने दिली, आणि पाचू-माणके ज्यात बांधतात त्या पातळ कागदांचा एक गठ्ठाही दिला. पुडी कशी घडी घालायची आणि वजन तिच्या कानावर, म्हणजे दुमडलेल्या टोकावर, कसे लिहायचे, हे त्यांनी मला स्वतः शिकवले. "बिटिया, हमारे यहाँ पुड़िया पर सिर्फ़ वज़न लिखते हैं. बाक़ी बात ज़बानी." मला तो नियम आवडला नव्हता. जी बाकीची गोष्ट तोंडी सांगायची होती, ती सांगणारी मी नव्हते.

पुढचे तीन महिने मी गोळ्या तोलीत होते. आईला ते अजिबात रुचले नाही. "लग्नाच्या पोरीनं रविवार-रविवार शिसं तोलत बसावं व्हय?" असे ती भाकरी उलटताना तव्याला विचारी. पण तीन ढीग स्वच्छ वेगळे झाले. हलक्या गोळ्यांच्या पोटात हवेचा बुडबुडा अडकलेला असे. कानशीने घासून पाहिल्यावर तो दिसे. मधल्या गोळ्या एकमेकींशी इतक्या जुळत की काटा हलत नसे. आणि तिसऱ्या, जड गोळ्या, साचा पुरता न मिटल्यामुळे फुगलेल्या, आणि प्रत्येक वेगळ्या जागी, वेगळ्या प्रमाणात फुगलेली. त्यांचे जडपण हाच त्यांचा दोष होता. आबांनी तिन्ही प्रकारांची काडतुसे भरली आणि पिस्तूल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एकेका प्रकाराची दहा-दहा झाडून पाहिली. मधल्यांची भोके माझ्या बांगडीत मावली. हलक्यांची ताटलीभर पसरली. जड गोळ्यांची भोके शोधायला आम्हांला लक्ष्याच्या मागच्या फळीपर्यंत जावे लागले. आबांनी कागद उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं हात हलला, हात हलला म्हणून पोरांना शिव्या दिल्या मी." ते आनंदाने म्हणाले. त्या दिवसाएवढे ते मला पुन्हा कधी आवडले नाहीत.

मी जड गोळ्या परत वितळवा म्हटले. आबांनी ऐकले नाही. भरलेली काडतुसे नवशिक्यांच्या हातात द्यायला चालतील, असे त्यांचे म्हणणे. निदान डब्यावर 'बाद' लिहू द्या, म्हटले. "न्हाई. क्लबाच्या मालावर बाद लिहायचं न्हाई. साहेबांनी बघितलं तर इचारतील, बाद होतं तर भरलंस कशाला." म्हणून तीन डब्यांच्या झाकणांवर मी पुडीचा एकेक कागद डकवला आणि त्यावर नुसती वजने लिहिली. मधल्या वजनाच्या मोठ्या डब्यातून निवड-चाचणीत सर्वांनी काडतुसे घ्यायची, असे आबांनी आणि मी ठरवले होते. ठरवले होते म्हणजे आम्ही दोघांनी, शेडमध्ये, एकमेकांना सांगितले होते.

निवड-चाचणी होती ती दुसऱ्या राज्यातल्या क्लबाशी होणाऱ्या सामन्यासाठी. सहा उमेदवार, चार जागा. संघात स्त्री नसावी असे नियमात कोठेही लिहिलेले नव्हते, कारण तसे लिहायची गरज पडेल असे कुणाला वाटले नव्हते. त्या फटीतून मी आत शिरले होते. ती जागा मला किती हवी होती, हे मी कुणालाही सांगितले नव्हते. अंघोळ करताना, भाकरीचा घास तोंडात असताना, कॉलेजात ब्यूरेट धुताना मी तीच गोष्ट मनात घोकीत होते. सहावा उमेदवार कर्नलसाहेबांचा भाचा राजवीर होता. देखणा, हसरा, सर्वांचा लाडका. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नव्हती आणि आजही नाही.

त्या सकाळी शेडमधले तिन्ही डबे कुणीतरी टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. गिरधारीलालजी आले, त्यांनी सवयीने झाकणांवरच्या कागदांवरून बोट फिरवले, आकडे वाचले आणि सर्वांत मोठा आकडा असलेला डबा उचलला. "कुँवर साहब, आप यह लीजिए. सबसे वज़नी माल है. हमारे यहाँ मेहमान के सामने सबसे भारी पुड़िया पहले खुलती है." राजवीर हसून म्हणाला, "फिर तो आज हम हीरे चलाएँगे." सगळे हसले. मी पुढे झाले. खरोखर झाले, दोन पावले. म्हणाले, "सर, वो वाला डिब्बा..." कर्नलसाहेबांनी मान वळवली. माझ्याकडे नव्हे, आबांकडे. "क्या बात है, साहब?"

आबांच्या टाचा आपोआप जुळल्या. "कुछ नहीं, सर. बच्ची पूछ रही है, शुरू करें क्या."

माझ्या तोंडातले अर्धे वाक्य आबांनी असे पूर्ण केले.

यापुढचे लिहिणे मला अवघड जाते, कारण येथे मी स्वतःवर रागावलेले असायला हवे, आणि आहेही. पहिली फेरी सुरू व्हायला दहा मिनिटे होती. त्या दहा मिनिटांत मी राजवीरजवळ जाऊन हळू आवाजात सांगू शकले असते. मी बाकावर बसून राहिले. आबांनी गप्प केले म्हणून बसले, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. परंतु मनाच्या तळाशी एक गार, स्वच्छ विचार होता: घेऊ देत. न विचारता घेतला आहे, तर घेऊ देत. पुढे मी तीस वर्षे शिकवले, हजारो मुलींसमोर बोलले, वाक्ये पूर्ण करायला शिकले. पण त्या दहा मिनिटांतले मौन भित्रेपणाचे किती होते आणि सुडाचे किती, याचा हिशेब मला आजही सरळ मांडता येत नाही.

राजवीरची भोके लक्ष्यभर विखुरली. पहिल्या फेरीला तो हसला, दुसरीला त्याने पिस्तूल बदलून मागितले, तिसरीला हसणे थांबले. तो सहावा आला. मी तिसरी आले. परतताना आबांनी स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाणली. घरी आईने मात्र निकाल ऐकून शेवयांची खीर केली, एक वाटी भाभीजींकडे पाठवली आणि निरोप दिला, "सांग, आमच्या शालूनं बाप्यांना हरवलं."

बुधवारी आबांना आणि मला साहेबांच्या बंगल्यावर बोलावणे आले. मधल्या दिवसांत उरलेली जड काडतुसे कुणीतरी झाडून पाहिली होती आणि उलगडा झाला होता: तोलणारी मुलगी, उमेदवार तीच, चांगला माल स्वतःला ठेवला, खराब माल साहेबांच्या भाच्याला दिला. व्हरांड्यात साहेब आणि गिरधारीलालजी वेताच्या खुर्च्यांत बसले होते. आम्ही उभे होतो. साहेब वाईट बोलले नाहीत. ते वाईट बोलले असते तर मला बरे वाटले असते. "मैं तुम्हें बेटी समझकर पूछ रहा हूँ." गिरधारीलालजी दुखावलेले होते. "तराज़ू मेरा, काग़ज़ मेरे, और बदनामी भी मेरी?" मी म्हणाले, "सबसे भारी वाला डिब्बा ख़राब था, सर. जो बीच का था, वही सबके लिए था." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. साहेब म्हणाले, "तो उस दिन क्यों नहीं बताया?"

मी आबांकडे पाहिले. आबा कुंड्यांतल्या शेवंतीकडे पाहत होते.

निर्णय सौम्य होता. मी झाल्या चुकीबद्दल लेखी माफी मागायची, की प्रकरण मिटले. राजवीर संघात जाईल. मी राखीव. "और तौलने का काम चालू रखो. अच्छा काम है," असे साहेब वर म्हणाले, आणि मला वाटते, ते त्यांनी मनापासून म्हटले.

घरी आल्यावर मी प्रथमच आबांवर ओरडले. भाभीजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, हे मला भिंतीपलीकडून कळले, आणि तरी मी ओरडले. "तुम्ही तिथं होता, आबा. तुम्हांला सगळं माहीत होतं."

"व्हतो."

"मग 'कुछ नहीं' काय म्हणून म्हणालात?"

आबा खाली बसून बुटांच्या नाड्या सोडीत होते. "चार माणसांत साहेबांच्या भाच्याच्या हातातला डबा काढून घ्यायचा? शालू, सुभेदारीची फाईल त्यांच्या टेबलावर हाय. शिफारस त्यांनी लिहायची हाय. दोन ओळी लिहून दे, संपलं."

आई चुलीपासून उठून दारात आली. "अवो, पोरीचं चुकलंय का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? चुकलं न्हाई म्हणून माफी मागता येत न्हाई व्हय? मी पंचवीस वर्षं मागतोय."

आई परत आत गेली. त्या वाक्याने तिचे समाधान झाले की तिचीही पंचवीस वर्षे तिला आठवली, कोण जाणे. मी टेबलाशी बसले आणि हिंदीत पत्र लिहिले. सर्वांत जड डब्यातली काडतुसे सदोष होती, ती निवड-चाचणीसाठी नव्हतीच. तो डबा उचलला गेला तेव्हा मी सांगायला सुरुवात केली, पण सांगणे पूर्ण केले नाही. ते पूर्ण न केल्याबद्दल मी राजवीर यांची क्षमा मागते. एवढेच. लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचले. माझ्या आयुष्यातले ते पहिले पूर्ण वाक्य होते असे मला वाटले, आणि त्यात खोटे एकही अक्षर नव्हते. पत्र घडी करून आबांच्या हातात दिले. त्यांनी ते माझ्यादेखत वाचले, मान हलवली, खिशात ठेवले. मला वाटले, ते समजले. त्या गुरुवार-शुक्रवारी मी आबांशी नीट बोललेदेखील. त्यांना चहा करून दिला, याचा मला आजही संताप येतो.

रविवारी क्लबाच्या फाटकाशीच गिरधारीलालजी भेटले. चेहऱ्यावरचा सगळा रुसवा गेलेला. "बिटिया, ऐसी चिट्ठी लिखी कि साहब का मन पिघल गया. मैंने तो फ़ाइल में लगा ली." माझ्या पत्रात मन विरघळण्यासारखे काहीच नव्हते. मी ती चिठ्ठी पाहायला मागितली. फाइल त्यांनी काखेतूनच काढली. तो कागद माझा नव्हता. त्यावर माझ्या नासमझीचा उल्लेख होता, लालसेचा होता, साहेबांच्या मोठ्या मनाचा होता, सचिवजींच्या उपकारांचा होता. डब्याचा उल्लेख कोठेही नव्हता. अक्षर आबांचे होते, शस्त्रांच्या नोंदवहीत असते तसे सुबक. खाली माझे नावही त्यांनीच लिहिले होते.

आबा त्या वर्षी सुभेदार झाले, सुभेदार म्हणूनच निवृत्त झाले आणि गडहिंग्लजला स्वतःच्या घरात वारले. शेवटच्या आजारात मी त्यांची शुश्रूषा केली. लोक म्हणत, मुलगी असावी तर अशी. त्या पत्राविषयी आम्ही दोघे कधीही बोललो नाही. त्यांना भीती किती होती, ती कोठून आली होती, साच्यात ओतल्यासारखी ती त्यांच्यात कुणी ओतली, हे सगळे मी आता समजू शकते. समजल्याने राग कमी होतो असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांचा राग माझ्यापेक्षा हलका असावा.

त्या रविवारी मी फाइल परत केली आणि शेडमध्ये गेले. आबा बाहेर कुणाचे तरी पिस्तूल उघडून बसले होते. फळीवर न भरलेल्या गोळ्यांच्या पुड्या रचलेल्या होत्या, तीन महिन्यांच्या रविवारांच्या, प्रत्येकीच्या कानावर माझ्या अक्षरातले वजन. मी एक रिकामे घमेले ओढले आणि एकेक पुडी उघडून त्यात रिती करू लागले. हलक्या, मधल्या, जड. शिसे लोखंडावर पडल्याचा आवाज बाहेर गेला असावा, कारण शेवटच्या दोन-चार पुड्या उरल्या असताना आबा दारात येऊन उभे राहिले. मी थांबले नाही. शेवटची पुडी ओतली, दोन्ही हात घालून घमेल्यातल्या गोळ्या तळापासून वर ढवळल्या, पीठ कालवावे तशा, आणि कागद चुरगळून बाजूला टाकले.

"हे काय केलंस?" आबा म्हणाले.

"काही नाही," मी म्हणाले. माझा घसा कोरडा नव्हता. "मी यायच्या आधी होतं, तसं करून ठेवलंय."